सर जेम्स क्लार्क रॉस : दक्षिणेच्या हिमपर्वतांचे नामकर्ते

वर्गाच्या भिंतीवर टांगलेल्या जगाच्या नकाशात अगदी तळाशी, लाकडी दांडीला लागून, एक पांढरा पट्टा असतो. विद्यार्थ्यांचे लक्ष तिकडे क्वचितच जाते आणि खरे सांगावयाचे तर शिक्षकांचेही फारसे जात नाही. एके दिवशी भूगोलाच्या तासाला त्या पट्ट्यावर छडी टेकवून आम्ही वर्गास सांगितले की, पृथ्वीचे उत्तर व दक्षिण असे दोन्ही चुंबकीय ध्रुव जेम्स रॉस नावाच्या एका दर्यावर्दी पुरुषाने गाठले. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर एक विद्यार्थी ग्रंथालयातील एक जुने पुस्तक घेऊन आमच्या टेबलाशी आला. त्या पुस्तकाप्रमाणे रॉस यांनी उत्तरेचाच ध्रुव गाठला होता. दक्षिणेचा ध्रुव त्यांच्या हातून राहून गेला होता. आमच्या कपाळास क्षणभर आठी पडली, हे येथे कबूल केले पाहिजे. आम्ही त्यास पुस्तक ठेवून जाण्यास सांगितले व घरी जाऊन दिव्याखाली ते वाचून काढले. मुलाचे म्हणणे खरे होते. दुसऱ्या दिवशी आम्ही साऱ्या वर्गापुढे आमची चूक दुरुस्त केली. परंतु ते पुस्तक वाचता वाचता आमचे मन त्या पुरुषाच्या चरित्रात असे गुंतले की, ते चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यात सांगावे असे वाटले. या पुरुषाने जगाच्या टोकावरील पर्वतांना नावे दिली, आणि तसे करताना त्यांच्या हातूनही एक मोठी चूक झाली. त्या चुकीची गोष्टही त्यांच्या पराक्रमाइतकीच बोधप्रद आहे.

जेम्स क्लार्क रॉस यांचा जन्म १५ एप्रिल १८०० रोजी लंडन शहरी झाला. १८१२ साली, म्हणजे वयाची बारा वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, ते इंग्लंडच्या आरमारात दाखल झाले. आज ज्या वयात आमची मुले इंग्रजी पाचवी-सहावीच्या पुस्तकांस पुठ्ठे घालीत असतात, त्या वयात हा मुलगा आपले चुलते जॉन रॉस यांच्या हाताखाली शिडाच्या दोरांवर चढावयास शिकत होता. चुलते कडक शिस्तीचे होते. पुतण्यानेही कधी कामास पाठ दाखविली नाही.

१८१८ साली आरमाराने जॉन रॉस यांस दोन जहाजे देऊन उत्तर अमेरिकेच्या वरच्या बाजूने प्रशांत महासागरास जाण्याचा मार्ग शोधण्यास धाडले. या सफरीत अठरा वर्षांचा जेम्सही होता. ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस जहाजे लँकेस्टर नावाच्या रुंद खाडीत शिरली. एके दुपारी धुके थोडे विरळ झाले, तेव्हा जॉन रॉस यांस खाडीच्या शेवटाशी, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, पर्वतांची सलग रांग दिसली. मार्ग बंद आहे असे समजून त्यांनी जहाजे माघारी वळविण्याचा हुकूम दिला आणि त्या पर्वतांस आरमारखात्याचे चिटणीस क्रोकर यांचे नाव दिले. मागच्या जहाजावर विल्यम पॅरी नावाचे तरुण अधिकारी होते. त्यांना व इतर काहींना तेथे पर्वत आहेत असे मुळीच वाटले नाही. पुढल्याच वर्षी, १८१९ साली, पॅरी स्वतः जहाजे घेऊन त्याच खाडीत शिरले आणि जेथे क्रोकर पर्वत असावयास पाहिजे होता तेथून शिडे उभारून थेट पुढे निघून गेले. पर्वत नव्हताच! या दुसऱ्या सफरीत पॅरी यांच्या जहाजावर जेम्स रॉसही होता. चुलत्यांनी नकाशावर काढलेल्या पर्वतातून आपले जहाज पाण्यावरून सरळ जात आहे, हे त्या मुलाने स्वतः डोळ्यांनी पाहिले.

हा प्रकार कसा घडला ते विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. आपल्याकडे उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्यावर पाणी असल्याचा भास होतो, त्यास आपण मृगजळ म्हणतो. तेथे जमिनीलगतची हवा तापलेली व वरची थंड असते. ध्रुवप्रदेशात याच्या उलट स्थिती असते. बर्फालगतची हवा अतिशय थंड व तिच्या वरचा थर त्या मानाने उबदार असतो. अशा हवेतून येणारे प्रकाशाचे किरण खाली वाकतात, त्यामुळे दूरवरचे सपाट बर्फ उंच उचलल्यासारखे दिसते आणि पाहणाऱ्यास कडे व शिखरे यांचा भास होतो. जॉन रॉस हे काही खोटे बोलले नव्हते. त्यांना दिसले तेच त्यांनी लिहिले. परंतु जवळ जाऊन खात्री करून घेण्याआधीच त्यांनी नाव देऊन टाकले. या एका चुकीचे बोल त्यांना पुढे आयुष्यभर ऐकावे लागले.

पॅरी यांच्या हाताखाली जेम्स रॉस यांनी १८१९ ते १८२७ या काळात चार सफरी केल्या. १८२७ च्या सफरीत ही मंडळी बर्फावरून होड्या ओढीत उत्तरेस ८२ अंश ४५ कलांपर्यंत जाऊन पोहोचली. पॅरी हे त्यांचे खरे गुरू होत. पुढे १८२९ साली चुलत्यांबरोबर ते पुनः उत्तरेस गेले. या वेळी जहाज बर्फात असे अडकले की, चार हिवाळे तेथेच काढावे लागले. या सफरीचा खर्च फेलिक्स बूथ नावाच्या मद्याच्या व्यापाऱ्याने दिला होता, म्हणून तेथील द्वीपकल्पास बूथिया हे नाव मिळाले. त्याच द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून १८३१ रोजी जेम्स रॉस यांनी उत्तरेचा चुंबकीय ध्रुव शोधून काढला. टांगलेली चुंबकसूची जेथे क्षितिजाशी समांतर न राहता नेमकी उभी राहते, ते हे स्थान. त्यांच्या सूचीने ८९ अंश ५९ कलांचा कोन दाखविला. एकाच कलेची उणीव राहिली. अखेर जहाज सोडून देऊन होड्यांतून निघालेल्या या मंडळींस १८३३ साली एका देवमासे पकडणाऱ्या जहाजाने वाचविले. ते जहाज होते इझाबेला. म्हणजे जॉन रॉस १८१८ साली ज्या जहाजावर बसून क्रोकर पर्वतापासून माघारी फिरले होते तेच!

त्या काळी होकायंत्राच्या लहानशा चुकीनेही जहाजे खडकावर आपटत. पृथ्वीच्या लोहचुंबकत्वाचा अभ्यास करण्यासाठी निरनिराळ्या देशांत वेधशाळा स्थापून एकाच वेळी नोंदी घ्याव्या, अशी योजना युरोपातील विद्वानांनी आखली होती. या योजनेचा धागा आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोहोचला होता. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ सालापासून चुंबकीय नोंदी घेतल्या जाऊ लागल्या, आणि आपले सुप्रसिद्ध गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी याच वेधशाळेत काम केले. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा विजेमुळे सूची बिघडू नये म्हणून हे काम अलिबागेस नेण्यात आले व तेथील वेधशाळा १९०४ साली सुरू झाली. याच योजनेतील सर्वांत अवघड कामगिरी, म्हणजे दक्षिणेच्या चुंबकीय ध्रुवाचा शोध, १८३९ साली जेम्स रॉस यांच्यावर सोपविण्यात आली.

त्यांना एरेबस व टेरर ही दोन जहाजे मिळाली. तोफगोळे फेकण्यासाठी बांधलेली ही बळकट जहाजे ३७० व ३४० टनांची होती. ग्रीक पुराणांत एरेबस म्हणजे पाताळातील अंधार, आणि टेरर म्हणजे दहशत. अशी भयंकर नावे लढाऊ जहाजांस शोभतात. पुढे ती कोठे जाऊन बसली हे लवकरच दिसेल. टेररचे कप्तान होते फ्रान्सिस क्रोझियर, रॉस यांचे जिवलग मित्र. एरेबसवर साहाय्यक वैद्य म्हणून जोसेफ हूकर नावाचा बावीस वर्षांचा तरुण होता. याच हूकर यांनी पुढे सिक्कीमच्या हिमालयात भ्रमण करून हिंदुस्थानातील वनस्पतींचे सात खंडांचे वर्णन प्रसिद्ध केले.

सप्टेंबर १८३९ मध्ये इंग्लंड सोडून ही मंडळी पुढल्या वर्षी टास्मानियातील होबार्ट बंदरी पोहोचली. तेथील गव्हर्नर सर जॉन फ्रँकलिन हे स्वतः जुने ध्रुवप्रवासी. त्यांनी रॉस यांचे मोठ्या प्रेमाने स्वागत केले. परंतु तेथे एक निराशाजनक वार्ताही कळली. ज्या भागात रॉस जाणार होते त्याच भागात फ्रेंच व अमेरिकन मंडळी आधीच जाऊन आली होती. दुसऱ्याच्या पावलांवर पाऊल ठेवण्याऐवजी रॉस यांनी पूर्वेकडील निराळी वाट धरली. १ जानेवारी १८४१ रोजी त्यांनी दक्षिण ध्रुववृत्त ओलांडले. ५ जानेवारीस जहाजे बर्फाच्या तरंगत्या शेतात शिरली आणि चार दिवस धडका देत देत ९ जानेवारीस पलीकडच्या मोकळ्या समुद्रात बाहेर पडली. आजवर कोणतेही जहाज असे पार गेले नव्हते.

आता चुंबकीय ध्रुव समुद्रमार्गे गाठता येईल अशी आशा वाटू लागली. इतक्यात ११ जानेवारीस समोर भूमी दिसली. ती काही सखल किनाऱ्याची नव्हती. समुद्रातून एकदम वर उठलेली, हिमाने पांढरी शुभ्र झालेली पर्वतांची रांगच्या रांग पुढे उभी होती. शिखरांमधल्या खोऱ्यांतून हिमनद्या उतरून समुद्रात कित्येक मैल पुढे आलेल्या होत्या आणि त्यांची टोके उभ्या कड्यांप्रमाणे तुटलेली होती. जेथे वाऱ्याने हिम टिकू दिले नव्हते, तेवढ्याच जागी काळा खडक दिसत होता. हे दृश्य पाहून सर्वांस आनंद झाला; परंतु रॉस यांच्या मनात दुःखही असलेच पाहिजे. कारण सूची सांगत होती की, ध्रुव या पर्वतांच्या पलीकडे, आत भूमीवर आहे. पर्वतांचा शोध लागला त्याच घटकेस ध्रुवाची वाट बंद झाली होती.

त्यांनी त्या भूमीस इंग्लंडच्या तरुण राणीवरून व्हिक्टोरिया हे नाव दिले. उत्तरेकडे इन्युइट लोक पिढ्यान्‌पिढ्या राहात आले होते. तेथील खाड्या व बेटे त्यांना त्यांच्या स्वतःच्या नावांनी ठाऊक होती. दक्षिणेस मात्र मनुष्यवस्ती कधीच नव्हती. त्या शिखरांना कोणत्याही भाषेत नाव नव्हते. घरी मूल जन्मले म्हणजे त्याचे नाव काय ठेवावे याचा आपण किती विचार करतो! येथे तर एका मनुष्यास काही आठवड्यांत एका सबंध भूमीचे बारसे करावयाचे होते. ते त्यांनी कसे केले हे नकाशावर नीट पाहिले असता कळून येते.

पहिल्याने दिसलेल्या उंच शिखरास त्यांनी माउंट सॅबाइन हे नाव दिले. एडवर्ड सॅबाइन हे या मोहिमेसाठी झटलेले शास्त्रज्ञ, आणि १८१८ च्या सफरीपासूनचे रॉस यांचे सोबती. तेथून वायव्येस गेलेल्या रांगेस ॲडमिरल्टी पर्वत हे नाव मिळाले आणि तिच्या शिखरांस आरमारखात्याच्या अधिकाऱ्यांची नावे मिळाली. त्यांतील सर्वांत उंच शिखर माउंट मिंटो, ४,१६५ मीटर उंचीचे. त्या खात्याचे प्रमुख लॉर्ड मिंटो यांचे वडील १८०७ ते १८१३ पर्यंत हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल होते, आणि त्यांचे नातू १९०५ ते १९१० पर्यंत येथे व्हाइसरॉय होते. १९०९ च्या सुधारणांच्या प्रकरणात हे नाव आमच्या विद्यार्थ्यांनी पाठ केलेलेच आहे. नाव देऊन गेलेल्या या शिखरावर मनुष्याचे पाऊल पडले ते १९८८ साली, म्हणजे १४७ वर्षांनी. दक्षिणेकडील शिखरांस, ज्या विद्वानांच्या शिफारशीमुळे ही मोहीम निघाली त्यांची नावे दिली गेली. हर्शेल, व्ह्यूएल, ब्रूस्टर, मर्चिसन हे त्यांतले होत. माउंट हर्शेलवर १९६७ साली एडमंड हिलरी यांच्या नेतृत्वाखालील न्यूझीलंडची तुकडी प्रथम चढली.

शिखरे अशी थोरांना गेली. किनारा मात्र रॉस यांनी आपल्या सोबत्यांसाठी राखून ठेवला. समुद्रात घुसलेल्या भूमीच्या टोकास भूशिर म्हणतात व आत वळलेल्या पाण्यास उपसागर म्हणतात, हे विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. तेथील केप मॅककॉर्मिक हे एरेबसच्या वैद्याचे नाव, तर रॉबर्टसन उपसागर हे टेररच्या वैद्याचे. केप हॅलेट हे एरेबसवरील कोठाराचा हिशेब ठेवणाऱ्या गृहस्थाचे नाव. मौब्रे उपसागर टेररवरील कारकुनाचा. मॅकमर्डो हे टेररचे एक लेफ्टनंट. त्यांच्या नावाच्या उपसागराकाठी पुढे अमेरिकेचे ठाणे वसले व ते त्या खंडातील सर्वांत मोठे ठाणे झाले. आज लॉर्डांपेक्षा या लेफ्टनंटाचेच नाव लोकांच्या तोंडी अधिक आहे. अर्थात्, आम्ही येथे दिलेल्या नावांत साधा खलाशी एकही नाही, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे. दोर ओढून ज्यांचे हात फाटले, त्यांचा वाटा या नामावळीत दिसत नाही.

एका बेटास त्यांनी कूलमन हे नाव दिले आणि त्याच्या दक्षिण टोकास केप ॲन. टॉमस कूलमन हे त्यांचे भावी श्वशुर, व ॲन ही त्यांची वाग्दत्त वधू. शेकडो वर्षे टिकेल असे पत्र त्यांनी घरी न पाठविता नकाशावरच लिहून ठेवले, असे म्हटले तरी चालेल. २७ जानेवारीस एका बेटावर उतरून त्यांनी त्यास होबार्टचे यजमान फ्रँकलिन यांचे नाव दिले. आणि दुसऱ्या दिवशी सर्वांनी एक अद्‌भुत दृश्य पाहिले. बर्फाच्या त्या राज्यात एक पर्वत धूर व ज्वाळा ओकीत होता. या ज्वालामुखीस त्यांनी एरेबस हे नाव दिले व शेजारच्या शांत पर्वतास टेरर. एरेबसची उंची त्यांनी जहाजावरून सुमारे १२,४०० फूट ठरविली. आजची मोजणी ३,७९४ मीटर, म्हणजे सुमारे १२,४५० फूट आहे. हलत्या जहाजावरून केलेली ही मोजणी किती काळजीपूर्वक असेल!

त्या पर्वतांच्या पूर्वेस बर्फाची एक उभी भिंत लागली. दीडशे-दोनशे फूट उंच, माथा सपाट, आणि लांबी शेकडो मैल. तिच्यातून पुढे जाणे शक्य नव्हते. हे समुद्रावर तरंगणारे हिमक्षेत्र आपल्या महाराष्ट्र राज्याच्या दीडपटीहून अधिक मोठे आहे, हे पुढे कळून आले. या भिंतीच्या मागे, दूर दक्षिणेस, रॉस यांस पर्वतांची आणखी एक उंच रांग दिसली. त्या वेळी ठाऊक असलेल्या भूमीपैकी ती सर्वांत दक्षिणेची भूमी. तीस आपल्या गुरूंचे नाव द्यावे असे त्यांच्या मनात येणे स्वाभाविक होते. त्यांनी ती रांग नकाशावर काढली व तीस पॅरी पर्वत असे नाव दिले.

वाचकहो, पॅरी पर्वत नाही. १९०२ साली कप्तान स्कॉट यांच्या मंडळींनी तेथे जाऊन पाहिले, तेव्हा त्या जागी कोणतीही रांग आढळली नाही. बर्फातून पुढे आलेला एक लांबट उंचवटा बराच अलीकडे होता. अंतराचा अंदाज चुकल्यामुळे तोच दूरचा महान पर्वत वाटला असावा, असे मानतात. दैवाचा खेळ पाहा! जे पॅरी जॉन रॉस यांच्या काल्पनिक पर्वतातून जहाज घेऊन गेले, त्याच पॅरींचे नाव पुतण्याने दुसऱ्या काल्पनिक पर्वतास दिले. चुलत्यांची चूक डोळ्यांनी पाहिलेल्या, मोजमापात इतक्या काटेकोर असलेल्या मनुष्याच्या हातूनही तीच चूक झाली. एवढेच नव्हे, तर याच वर्षी मार्च महिन्यात, अमेरिकन कप्तान विल्क्स यांच्याकडून मिळालेल्या नकाशात जेथे भूमी दाखविली होती तेथून रॉस यांचे जहाज खुशाल तरंगत गेले, आणि ही गोष्ट त्यांनी जगास सांगितली. त्यावरून पुढे मोठा वाद माजला. दुसऱ्याच्या नकाशातील भूमी पुसणाऱ्या रॉस यांस आपल्या नकाशातील पर्वत पुसला जाणार आहे, याची कल्पना नव्हती.

यावरून कोणी त्यांची थट्टा करील, तर ते आम्हांस मान्य नाही. भिंत आडवी आल्यामुळे जवळ जाऊन खात्री करून घेणे त्यांना शक्यच नव्हते. शिवाय आपण कोठून पाहिले, कोणत्या दिशेस पाहिले, हे त्यांनी इतके स्पष्ट लिहून ठेवले होते की, मागून येणाऱ्यास त्यांची चूक शोधता आली. स्कॉट यांस आणखी एक गोष्ट आढळली. रॉस यांनी उपसागर म्हणून दाखविलेला मॅकमर्डो हा बंद उपसागर नव्हता, आणि एरेबस व टेरर हे पर्वत मुख्य भूमीस जोडलेले नसून ते एक बेट होते. या बेटास नाव हवे होते. स्कॉट यांनी त्यास रॉस बेट असे नाव दिले. जेम्स रॉस यांनी एवढी नावे दिली, पण त्या साऱ्या किनाऱ्यावर स्वतःचे नाव कोठेही घातले नव्हते. जो समुद्र त्यांनी उघडला तो आज रॉस समुद्र म्हणून ओळखला जातो, आणि ती भिंत ज्या हिमक्षेत्राची आहे तेही रॉस यांच्याच नावाने ओळखले जाते. ही सारी नावे मागाहून इतरांनी दिलेली आहेत.

ध्रुवाचे काय झाले? सर्वांत जवळ गेले तेव्हाही तो सुमारे १६० मैल दूर, पर्वतांच्या आड होता. जहाजे ठेवण्यास बंदर सापडले नाही. दोन्ही ध्रुवांवर आपल्या देशाचे निशाण लावावे ही त्यांची आकांक्षा अपुरी राहिली. १६ जानेवारी १९०९ रोजी शॅकल्टन यांच्या मोहिमेतील तीन जण तेथे पोहोचले. आणखी मौज अशी की, चुंबकीय ध्रुव एका जागी स्थिर राहात नाहीत. दक्षिणेचा ध्रुव सरकत सरकत भूमी सोडून समुद्रात गेला आहे, आणि उत्तरेचा ध्रुव बूथियापासून शेकडो मैल दूर गेला आहे. ज्यासाठी मोहीम निघाली ते स्थान पळून गेले. वाटेत आडवे आले म्हणून ज्यांचा खेद झाला, ते पर्वत मात्र जागच्या जागी उभे आहेत.

पुढली दोन वर्षेही रॉस दक्षिणेस गेले. १८४२ सालचा पहिला दिवस त्यांनी बर्फात अडकलेल्या स्थितीत काढला. तेव्हा खलाशांनी बर्फावरच नाचाचे अंगण केले आणि रॉस व क्रोझियर या दोघा कप्तानांनी नाचास आरंभ केला. त्याच वर्षी १३ मार्चच्या रात्री हिमखंड चुकविताना दोन्ही जहाजे एकमेकांवर आदळून दोर व डोलकाठ्या एकमेकांत गुंतल्या. दोन प्रचंड हिमखंडांमधील अरुंद फटीतून जहाजे बाहेर काढून रॉस यांनी सर्वांचे प्राण वाचविले. सप्टेंबर १८४३ मध्ये ते स्वदेशी परतले व लगेच ॲनशी विवाहबद्ध झाले. यापुढे दूरच्या बर्फाळ सफरीस जाणार नाही, असे वचन त्यांनी तिच्या वडिलांस दिले होते असे सांगतात.

म्हणून १८४५ साली एरेबस व टेरर पुनः उत्तरेस निघाली तेव्हा त्यांच्यावर रॉस नव्हते. त्यांच्या ऐवजी प्रमुख म्हणून गेले होबार्टचे ते यजमान, सर जॉन फ्रँकलिन. आणि टेररवर होते क्रोझियर. त्या १२९ माणसांपैकी एकही परत आला नाही. तीन वर्षे वार्ता न लागल्यावर रॉस यांनी १८४८ साली, पुनः न जाण्याचा आपला निश्चय बाजूस ठेवून, मित्रांच्या शोधार्थ दोन जहाजे नेली. एक हिवाळा बर्फात काढून ते रिक्त हस्ताने परतले. यानंतर ते ध्रुवप्रदेशास गेले नाहीत. १८५७ साली ॲन वारली. ३ एप्रिल १८६२ रोजी, वयाची बासष्ट वर्षे पुरी होण्यास बारा दिवस उरले असता, रॉस यांनी देह ठेवला. ॲस्टन ॲबट्स या खेड्यातील त्यांच्या घराच्या बागेत एक तळे आहे. त्यातील दोन लहान बेटांस एरेबस व टेरर अशी नावे आहेत.

हरवलेली दोन्ही जहाजे आमच्या काळात समुद्राच्या तळाशी सापडली. एरेबस २०१४ साली व टेरर २०१६ साली. शतकाहून अधिक काळ ज्या पुस्तकी विद्वानांनी दुर्लक्ष केले, त्या इन्युइट लोकांच्या तोंडी चालत आलेल्या माहितीचा या शोधात मोठा उपयोग झाला. टेरर ज्या उपसागरात सापडले, त्यास नकाशात फार दिवसांपासून टेरर उपसागर हेच नाव होते! जहाजे अशी उत्तरेस बुडाली. त्यांच्या नावांचे दोन पर्वत दक्षिणेस उभे आहेत, आणि त्यांतील एरेबस अजूनही धूर सोडीत आहे. त्या बेटाच्या पूर्व टोकास केप क्रोझियर म्हणतात. ज्याची कबर कोठे आहे हे कोणास ठाऊक नाही, त्याच्या मित्राने त्याच्यासाठी हयातीतच लिहून ठेवलेला हा शिलालेख होय.

असो. आमच्या वर्गातील नकाशात पॅरी पर्वत कोणी शोधू नये. तो तेथे नाही. पण त्याच नकाशात केप हॅलेट, मॅकमर्डो, क्रोझियर व ॲन ही नावे मोठ्या मापाच्या नकाशात अवश्य शोधावी, आणि ती देणाऱ्याचे नाव शोधावयाचे तर किनारा सोडून समुद्राकडे पाहावे. ज्याने आम्हांस हे सारे वाचावयास लावले, तो विद्यार्थी आता वरच्या इयत्तेत गेला आहे. शिक्षकाच्या टेबलाशी पुस्तक घेऊन येण्यास त्यास किती धीर करावा लागला असेल, हे आम्हांस त्या दिवशी उमगले नाही, आज उमगते. आमच्या इतर विद्यार्थ्यांनीही तो धीर करावा. आमच्या कपाळास पुनः आठी पडली, तर ती फार वेळ राहणार नाही, इतके वचन आम्ही देतो.